नऊ बाय पंचवीस

१

रविवारी सकाळी दहा वाजता मी साबणाने हात धुतो, पांढरे सुती हातमोजे घालतो आणि भिंतीवरची चित्रं एकेक करून उतरवतो. फ्रेमच्या मागचे चाप उघडून चित्र टेबलावर घ्यायचं, भिंगाखाली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघायचं, काय दिसलं ते वहीत लिहायचं. एकतीस वर्षं मी विमानाच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो, शेवटची बरीच वर्षं इथे बंगळूरात. निवृत्त झालो तरी डोळा काही निवृत्त होत नाही.

स्क्रीनप्रिंट सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा करून बघावं. चौकटीवर ताणलेलं जाळीदार कापड, त्यातून रबरी पट्टीने रंग खाली कागदावर दाबायचा. एका रंगाला एक जाळी. पाच रंग असले तर तोच कागद पाच वेळा जाळीखाली जातो आणि दर वेळी नेमका तिथेच बसावा लागतो. केसभर सरकला की लाल रंग रेघेबाहेर सांडतो आणि दुसऱ्या बाजूला पांढरी फट राहते. या जुळणीचं मला वेड आहे. पंचवीस प्रती झाल्या की जाळ्या धुऊन टाकतात, सव्विसावी निघत नाही. खाली कोपऱ्यात चित्रकार पेन्सिलीने आकडा घालतो. माझ्या सगळ्या चित्रांवर एकच आकडा आहे : ९/२५.

अलका, माझी बायको, अकराच्या सुमारास चहा आणते. कप टेबलावर ठेवायची परवानगी नाही, म्हणून दोन हात लांब स्टुलावर ठेवते. निळ्या काठाचा, कान तुटलेला तो कप माझाच. "चहा गार होतोय," असं ती एकदाच सांगते. दुसऱ्यांदा सांगायची तिची पद्धत नाही. मी बहुतेक वेळा तो गारच पितो.

"छत्तीस वर्षं समोर वावरतेय," एकदा ती म्हणाली, "माझ्याकडे कधी भिंग लावून बघितलंत?"

"तुझी जुळणी पक्की आहे," मी मान वर न करता म्हणालो. "तपासायची गरज नाही."

ती हसली. हसताना तिच्या डाव्या हातातली बांगडी वाजली. त्या बांगडीला तिने कायम एक सेफ्टी पिन अडकवलेली असते, कधी लागेल सांगता येत नाही म्हणून.

२

चित्रकाराचं नाव हयवदन. पूर्वी अगरबत्तीच्या पुड्यांवरची लेबलं छापायचा, आता यशवंतपूरच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये भडक रंगांची चित्रं छापतो. त्याची 'नम्म मने' नावाची मालिका आहे. आपलं घर. वर्षाला एक खोली आणि प्रत्येक खोलीच्या पंचवीसच प्रती. स्वयंपाकघर, हॉल, देवघर, झोपायची खोली, बाल्कनी, न्हाणीघर. गुलाबी भिंती, पिवळा स्टोव्ह, हिरवी बादली. माणूस मात्र कुठेच नाही.

अशा मालिकांत एक रीत असते. पहिल्या वर्षी ज्याला जो नंबर मिळाला, तोच त्याला पुढे दर वर्षी मिळतो. सगळा संच एकाच नंबरचा असला तर जमवणाऱ्याला त्याचं काय अप्रूप असतं, ते जमवणाऱ्यालाच कळेल. मी दुसऱ्या वर्षी शिरलो. मला नऊ नंबर मिळाला, कारण पहिलं चित्र घेऊन तो गृहस्थ पुढे आलाच नाही. म्हणजे माझ्याकडे पाच खोल्या आणि स्वयंपाकघर दुसऱ्याकडे. पाच वर्षं हे मला दातात अडकल्यासारखं सलत होतं.

तो गृहस्थ म्हणजे नरसिंहराव. चिक्कपेटेत कापडाचं दुकान, तीन पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घर. यंदा सहावं चित्र आलं आणि मला राहवेना. पत्ता शोधून कोरमंगलाला गेलो, तर दार त्यांच्या पत्नीने, सुनंदाबाईंनी उघडलं.

"या, स्वल्प बसा अण्णा," त्या म्हणाल्या. "ते नाहीत. पाच वर्षं झाली. सकाळी कॉफी घेऊन बसले होते. मी फुलं काढून आत आले, तर खुर्ची रिकामी. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. लोक म्हणतात पळून गेले. चपला दारात टाकून कोण पळून जातं?"

मी हळहळलो. खरं सांगायचं तर माझं लक्ष त्यांच्या मागच्या भिंतीवर होतं. चित्र तिथेच होतं.

पाच खोल्या माझ्याकडे आहेत असं सांगितल्यावर त्या एकदम पुढे सरकल्या. "सगळ्या? नऊ नंबरच्याच?"

"नऊ नंबरच्याच."

"मग घेऊन जा," त्या म्हणाल्या. "एकाच खोलीत किती दिवस बसायचं? तुमच्याकडे पूर्ण घर होईल. पैसे नकोत मला. महिन्यातून एकदा बघायला येऊ द्या, सरी? चालेल ना?"

मला वाटलं, बाई चित्राबद्दल बोलतायत.

३

घरी येऊन भिंग लावलं आणि थरारलो. हयवदनच्या माहितीपत्रकातल्या फोटोत स्वयंपाकघरातली निळी खुर्ची रिकामी होती. माझ्या प्रतीत तिच्यात एक माणूस पाठमोरा बसला होता. सपाट पांढरा सदरा, टक्कल, टेबलावर पितळी पेला. उजव्या कानामागे एक लहानशी लाल रेघ.

जमवणाऱ्यासारखा मूर्ख माणूस नाही. दुसरा कोणी घाबरला असता, मी हरखलो. पंचवीसांत एकच प्रत वेगळी! चुकीची प्रत म्हणजे सोनं. वहीत नीट लिहिलं : 'खुर्चीत पाठमोरा माणूस, उजव्या कानामागे लाल रेघ.' सहाही चित्रं हॉलमध्ये एका ओळीत लावली.

"हा कोण बसलाय?" अलकाने विचारलं.

"छापताना काहीतरी झालंय."

"स्वयंपाकघरात बसणारा पुरुष," ती म्हणाली. "छापतानाच होत असेल असं."

दुसऱ्या दिवशी हयवदनला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं की स्वयंपाकघरात कधी माणूस काढला होतास का. तो हसला. "मी माणूस काढतच नाही सर. मला हात जमत नाहीत. जाळ्या तर तेव्हाच धुतल्या. का?"

मी "काही नाही" म्हणून फोन ठेवला. त्याने परत मागितलं असतं तर? तेव्हा मला एवढीच भीती होती.

४

पुढच्या रविवारी चित्र उतरवलं, भिंग लावलं. खुर्ची रिकामी होती.

मी चष्मा पुसला. दिवा जवळ घेतला. निळी खुर्ची, स्वच्छ, रेघेत बसलेली, जणू तिच्यावर कधी काही छापलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये काढलेला फोटो पाहिला, त्यातही खुर्ची रिकामीच. पण वहीत माझं अक्षर होतं. खुर्चीत पाठमोरा माणूस.

मग बाकीची चित्रं पाहिली. तो बाल्कनीत होता. नारंगी आकाशाकडे तोंड करून, कठड्याला हात टेकून. हात अगदी बरोबर काढलेले होते.

माझी चूक झाली असेल, असं मी स्वतःला समजावलं. माणूस बाल्कनीतच असेल, मी चित्रांची नावं उलटीसुलटी लिहिली असतील. एकतीस वर्षांत मी असं कधीच लिहिलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. विद्याश्री नावाची तरुण मुलगी होती, तिने थेंब घालून तासभर बसवलं आणि म्हणाली, "अंकल, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत." मला याचा आनंद व्हायला हवा होता.

त्या आठवड्यात दुपारी हॉलमध्ये एकटाच पेपर वाचत होतो. अलका भाजीला गेली होती. टेबलावर पितळी भांडं ठेवल्याचा आवाज आला. हलका, रोजच्या सवयीचा. मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. आमच्याकडे पितळी पेला नाही.

५

महिन्याच्या पहिल्या रविवारी सुनंदाबाई आल्या. केसांत मोगरा, नवी इरकल नेसलेल्या. सोबत नरसिंहरावांचा जुना फोटो आणला होता, अलकाला दाखवायला. दुकानात गादीवर बसलेला टकलू माणूस, उजव्या कानामागे लाल पेन्सिल.

मी फोटो परत दिला आणि वहीतली ती नोंद पुन्हा वाचली.

सुनंदाबाई चित्रांसमोर खुर्ची घेऊन बसल्या. त्या दिवशी तो हॉलच्या चित्रात होता, हिरव्या सोफ्यावर. "बरं आहे ना?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मोकळं वाटतंय आता?" निघताना अलकाचा हात धरून म्हणाल्या, "वाळलेत हो. कॉफी मिळत नाही वाटतं तिकडे."

त्या गेल्यावर मी अलकाला म्हणालो, "बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय."

"बिचारी," अलका म्हणाली. पण ती चित्राकडे बघत होती.

दोन दिवसांनी संध्याकाळी घरात कॉफीचा वास आला. सत्तावीस वर्षं बंगळूरात राहून आम्ही चहावाले. अलका ओट्याशी उभी होती, समोर नवा फिल्टर, नवा पितळी पेला.

"कुणासाठी?" मी विचारलं.

तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुणीतरी मागितल्यासारखं वाटलं," ती म्हणाली, आणि स्वतःच गोंधळून हसली.

६

तेव्हाच चित्रं काढायला हवी होती. काढली नाहीत. सहा खोल्या, एक नंबर. पाच वर्षं वाट पाहिली होती. कारणं शोधायला मी हुशार आहे. दमट हवा, रंगांची रासायनिक क्रिया, वय. त्यातून मी तपासणीवाला. पुरावा पुरा झाल्याशिवाय माल नापास करायचा नाही, ही सवय.

पुढच्या रविवारी स्वयंपाकघराच्या चित्रात स्टोव्हपाशी एक पट्टा दिसला. जांभळा, उभा, बोटभर रुंद. वहीत लिहिलं : 'कारण अज्ञात.' त्याच्या पुढच्या रविवारी पट्ट्याला खांदा आला होता.

अलका आता कमी बोलायची. बोलली तर आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा यायचा. ती दारातून बाजूने वळली की मला क्षणभर ती दिसायचीच नाही, मग समोर आली की दिसायची. पुण्याहून गौरीचा, आमच्या मुलीचा, फोन आला तेव्हा तिनेही विचारलं, "आई लांबून का बोलतेय?"

एका दुपारी अलका दिवाणावर डुलक्या घेत होती. खिडकीतून हेब्बाळच्या तळ्यावरचा उजेड सरळ तिच्या हातावर पडला होता. जांभळी साडी. साडीचा लाल काठ मनगटापाशी संपत होता, पण लाल रंग काठावर थांबत नव्हता. अर्धा मिलिमीटर पुढे सांडला होता. दुसऱ्या बाजूला तेवढीच पांढरी फट होती.

मी टेबलाच्या खणातून भिंग आणलं. ती एकदा म्हणाली होती ते आठवलं. मी वाकून तिच्या हातावर भिंग धरलं.

कातडीला छिद्रं नव्हती, लव नव्हती, सुरकुती नव्हती. जाळीची वीण होती. उभे-आडवे बारीक चौकोन, एकसारखे, नखापर्यंत.

अलकाने डोळे उघडले. "बघितलंत शेवटी," ती म्हणाली. "कशी आहे जुळणी?"

मी तिचा हात हातात घेतला. तो कागदासारखा कोरडा आणि गार होता. मला रडू आलं, आणि ती माझी समजूत काढत राहिली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराचं चित्र फ्रेमसकट उतरवलं. त्याच्याकडे न बघता जुन्या चादरीत गुंडाळलं. ज्याचं होतं त्याला परत द्यायचं, संच मोडायचा, मग सगळं ठीक होईल. मला ते अगदी तर्कशुद्ध वाटलं. बिघडलेला भाग काढला की यंत्र चालतं.

अलका ओट्याशी होती, पाठमोरी. "लवकर या," ती म्हणाली. "चहा टाकतेय."

"आलोच."

हेब्बाळच्या उड्डाणपुलावर टॅक्सी पाऊण तास अडकली. फ्रेम मांडीवर होती. चादरीतून मांडीला ऊब लागत होती. उन्हामुळे असेल. सदाशिवनगरच्या पुढे सावलीत आलो तरी ती तशीच होती.

सुनंदाबाईंनी दार उघडलं. मी चादर तशीच त्यांच्या हातात दिली, "अक्का, मला नको हे," एवढंच म्हणालो आणि बसायलाही न थांबता जिना उतरलो.

घरी पोचलो तर दाराला आतून कडी नव्हती. गॅस चालू होता. भांड्यातलं पाणी आटून चहापत्ती करपली होती. मी गॅस बंद केला आणि हाक मारली. तिच्या चपला दारात होत्या. पर्स खुंटीला, मोबाइल चार्जिंगला लावलेला. मी न्हाणीघर पाहिलं, बाल्कनी पाहिली, कठड्यावरून आठ मजले खाली पाहिलं. वॉचमनला विचारलं. "मॅडम खाली आल्याच नाहीत सर."

मग हॉलमध्ये उभा राहून भिंतीकडे पाहिलं. पाच खोल्या होत्या. पाचही रिकाम्या.

मला कळलं मी काय केलं ते.

८

फोन सुनंदाबाईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"अक्का, चादर सोडलीत?"

"सोडली." मग त्यांनीच विचारलं, "अण्णा, ही बाई कोण?"

"कशी दिसते?" मी विचारलं.

"स्टोव्हपाशी उभी आहे. जांभळी साडी. बांगडीला पिन अडकवलीय." त्यांचा आवाज चिरकला. "पाच वर्षं मी त्यांच्यासमोर बसून रोज कॉफी प्यायले. रोज म्हटलं, मला बोलवा. मला नाही बोलावलं. आणि तुमच्याकडे दोन महिन्यांत..."

"मी येतो अक्का. आत्ता येतो. फक्त चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका."

"ते मघाशीच ठेवलं," त्या म्हणाल्या.

मी पाचही चित्रं उतरवली. हात धुतले नाहीत, मोजे घातले नाहीत. देवघराच्या फ्रेमची काच जिन्यात तडकली, तरी थांबलो नाही. पाच वर्षांत जमवलेलं सगळं टॅक्सीच्या मागच्या सीटवर एकावर एक टाकलं. एकाच खोलीत किती दिवस बसणार ती? तिला तळ्याकडे बघत केस वाळवायला आवडतं. तिला बाल्कनी हवी.

सुनंदाबाईंनी पाच चित्रांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पाया पडलो. मोठ्या आहेत त्या माझ्याहून.

"सरी," त्या अखेर म्हणाल्या. "लावा. पण महिन्याच्या पहिल्या रविवारीच यायचं. आणि हात लावायचा नाही."

९

गौरीला सांगितलं, आई सुनंदाबाईंकडे असते. गौरी येते म्हणतेय. आली की तिला तिथे घेऊन जाईन, यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही.

मी पाच वेळा जाऊन आलो. अलका प्रत्येक वेळी वेगळ्या खोलीत असते आणि प्रत्येक वेळी पाठमोरी. तो दुसऱ्या खोलीत असतो, पेला घेऊन. सुनंदाबाई माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. त्या नरसिंहरावांशी बोलतात, मी अलकाशी बोलतो. गॅसवाला आला होता, गौरीचं प्रमोशन झालं, कढी मला जमली. भिंग घरी ठेवून जातो. डोळ्यांनीच बघतो, जेवढं दिसेल तेवढं.

काल पहिला रविवार होता. अलका स्वयंपाकघरात होती. टेबलावर त्याचा पितळी पेला नव्हता. निळी खुर्ची थोडी मागे ओढलेली होती, कुणी येऊन बसावं म्हणून ओढतात तशी. आणि खुर्चीपुढे एक कप होता. निळ्या काठाचा, कान तुटलेला. त्यातून पांढरी वाफ निघत होती.

मला भीती वाटली. त्याहून जास्त आनंद झाला, हे लपवत नाही. मी खुर्चीतून उठलो.

सुनंदाबाईंनीही कप पाहिला होता. त्या माझ्याआधी उठल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी चित्र खिळ्यावरून काढलं आणि भिंतीकडे तोंड करून जमिनीवर टेकवून ठेवलं.

"या महिन्याचं झालं तुमचं," त्या म्हणाल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

पुढचा पहिला रविवार पाच आठवड्यांनी आहे. इथे हॉलमध्ये, मोकळ्या भिंतीसमोर बसलोय. चहा गार होतोय, असं ती एकदाच सांगते.